तेल खात नाही म्हणून

लॉकीच्या नावाच्या पहिल्याच अक्षराशेजारी
ग्रॅनाइटवर डाग उठला,
मसुराएवढा, तपकिरी.
मी वाळूची तोटी बंद केली,
कोऱ्या कागदावर नुसती हवा सोडून पाहिली.
कागद तेलकट.

लॉकी जिवंत आहे.
स्वतःचा दगड स्वतःच सांगून गेलाय,
शेवटचं साल सोडून बाकी सगळं कोरायला,
आणि दर शुक्रवारी केप ब्रेटनच्या त्या उतारावरून
काठी टेकत येतो, झाला का विचारायला.
"मला घाई नाही," म्हणतो,
"तुला आहे का, ते बघायला आलो."

शेडमागे कॉम्प्रेसर, बाबांच्या लग्नाआधीचा.
आठ सिलिंडर: चार आग खातात, चार हवा दाबतात.
शाफ्ट एकच. तेलाची परात एकच.
दोन संसार, बुधली एक.

मी आळ घेतला हवेच्या बाजूवर.
रिंगा झिजल्या असणार, म्हणून हेड उघडलं.
रिंगा वयाच्या मानाने बऱ्या.
मग गाळण्या. मग टाकीतलं पाणी सोडलं,
दुधाळ, पण समुद्राकाठी ते असतंच.
तीन दिवस गेले.
नखं काळी, डाग तिथेच.

चौथ्या दिवशी पलीकडच्या फ्रेंच गावातून तेओतीम आला,
एका कानाने ठार, दुसऱ्याने हट्टी.
इंजिन सुरूच करू दिलं नाही त्याने.
"आधी भिंत वाच."

भिंतीवर बाबांची पेन्सिल:
तारीख, अर्धा लीटर. तारीख, अर्धा लीटर.
आठवड्याला एक ओळ, वर्षानुवर्षं.
एका ओळीत: मर्डीना जन्मली,
आणि पुढे लगेच, अर्धा लीटर.
ते गेल्यावर माझ्या अक्षरात तेच.
मे महिन्यापासून मात्र भिंत कोरी.

मला वाटलं होतं, सुधारलं.
पट्टी काढावी तर तेल वरच्या खुणेला,
कधी खुणेच्याही वर.
म्हातारपणी पथ्याला लागलं म्हणून मी खूश.

तेओतीम म्हणाला, "जन्मभर तेल खाणारं
एकाएकी खाईनासं झालं
तर बरं झालं म्हणू नये.
त्याला कोणीतरी दुसरंच काही भरवतंय."
पट्टी त्याने हुंगली,
मग माझ्या नाकाखाली धरली.
पेट्रोल.

खालचा बोल्ट सोडला.
परात पाच लीटरची,
बादल्यांत पडले साडेसात, पाण्यासारखे.
पेट्रोल चढवणाऱ्या पंपाच्या पोटात
रबराचा पडदा, नखाएवढा फाटलेला.
तिथून थेंब थेंब आत, बिनबोभाट,
तेल पातळ होत, वर चढत,
रिंगांना न जुमानता हवेत,
हवेतून होजमध्ये,
होजमधून लॉकीच्या नावावर.
"एक ठिणगी, आणि तुझा दगड कोरायला
मला माणूस शोधावा लागला असता,"
तेओतीम म्हणाला, आणि चहा मागितला.

नवा पडदा टपालाने यायला अकरा दिवस.
तोवर खडूची पूड थिनरमध्ये कालवून
डागावर लेप, वाळला की खरवड, पुन्हा लेप.
पाचव्या लेपानंतर उरली ती सावली.
दगड कोरडा असला की दिसते, ओला झाला की नाही.
आमच्याकडे पाऊस पुष्कळ.

लॉकी वाकून बराच वेळ बघत राहिला.
"चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली.
माझी एक चादर याहून स्वच्छ नव्हती."
तरी पैसे कमी करून मागितलेच.

काल पट्टी काढली.
तेल खुणेखाली उतरलंय, चांगलं बोटभर.
मी दोनदा पुसून दोनदा पाहिलं.
मग डबा शोधला, नरसाळं शोधलं,
पेन्सिल कानामागेच होती.

तारीख.
अर्धा लीटर.